पोरगा मिडफिल्डला खेळतो पण अंगानं बारीक, मॉड्रिचची खरी गोष्ट कुणी नीट सांगेल का?

मंगळवारपेठकर:

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेत राहतो. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या फुटबॉल टीमची मॅच लागली की दुपारपासून गॅलरी भरायला लागते. मी स्वतः कधी खेळलो नाही, वडिलांचं दुकान लवकर अंगावर पडलं, पण गॅलरीत बसून तीसेक वर्षं बघतोय त्यामुळं पोरगं बॉलला हात... म्हणजे पाय लावतं तेव्हा त्यात काय आहे नाही ते कळतं.

माझा धाकटा आता चौदा पूर्ण झालाय. सेंटर मिडला खेळतो. उंची चार फूट अकरा इंच, वजन अडतीस किलो, जेवतो भरपूर पण अंगाला लागत नाही. गेल्या महिन्यात त्याला एका मोठ्या शहरातल्या अकॅडमीच्या ट्रायलला घेऊन गेलो, पहाटेची एसटी धरून. पंचवीस मिनिटं खेळवलं. माझं पोर आहे म्हणून म्हणत नाही पण तेवढ्या वेळात त्याचा एकच पास चुकला, मी मोजत होतो. मग बाजूला घेऊन भिंतीवर उंचीच्या खुणा मारल्या होत्या तिथं उभं केलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला सांगितलं की डोकं चांगलंय पण अंग नाही, मधे आम्हाला धक्का खाऊन उभा राहणारा पोरगा लागतो, उंची वाढली तर परत आणा. बास, एवढंच.

परत येताना साताऱ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. स्टँडवर वडापाव घेऊन दिला तो पण नुसता हातात धरून बसला. गाडी सुटल्यावर एकदम विचारलं, "पप्पा, मॉड्रिच किती उंच आहे?"

मला काय सांगता येईना. मॉड्रिच म्हणजे तो केसाला पट्टा बांधणारा, रियल माद्रिदकडून दहा नंबर घालून खेळायचा तो, एवढंच मला माहिती. पोरगं म्हणतंय की त्याला पण लहानपणी बारीक म्हणून नाकारलं होतं. हे खरं आहे की मोबाईलवर फिरणारी गोष्ट? आणि खरं असेल तर मग तो वर गेला कसा, ते जरा सविस्तर कुणी सांगेल का, म्हणजे मला त्याच्याशी बोलता येईल. उगाच खोटी आशा लावायची नाही, पण खरी असेल तर ती त्याच्यापर्यंत पोचवायची आहे. आणि त्याच्याबरोबर बसून बघण्यासारख्या एक-दोन मॅच सांगा.

ऑरेंजसिटी_माद्रिदवाला:

दादा, पहिले उंचीचं सांगून टाकतो, म्हणजे पोराला आजच सांगता येईल. १७२ सेंटीमीटर. पाच फूट आठ इंचाला थोडा कमीच. आणि ती पूर्ण वाढ झाल्यावरची उंची आहे, चौदाव्या वर्षी तो काही एवढा नव्हता.

नाकारलं होतं हे खरं आहे. पण त्याच्या आधीचं पण सांगतो कारण ते माहीत असल्याशिवाय पुढचं समजत नाही. लुका मॉड्रिचचा जन्म ९ सप्टेंबर १९८५, क्रोएशियातलं झादार हे समुद्रकाठचं शहर. घर मात्र शहरात नव्हतं, वेलेबित डोंगराच्या उतारावर मॉड्रिची नावाची एवढीशी वस्ती आहे तिथे आजोबांच्या घरी लहानपण गेलं. पाच वर्षांचा लुका अंगापेक्षा मोठं जॅकेट घालून शेळ्या हाकलतोय असा एक जुना व्हिडिओ आहे, नेटवर सहज सापडते, पोराला दाखवा. आजोबांचं नाव पण लुकाच. युगोस्लाव्हिया फुटलं, युद्ध सुरू झालं, आणि डिसेंबर १९९१ मध्ये आजोबा गुरं चारायला गेले असताना सर्ब बंडखोरांनी त्यांना गोळ्या घातल्या. नातू तेव्हा सहा वर्षांचा. मग घर पण जाळलं. कुटुंब अंगावरच्या कपड्यानिशी झादारला आलं आणि निर्वासित म्हणून कोलोवारे नावाच्या हॉटेलात राहिलं, एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं हॉटेलांतच काढली. वडील सैन्यात, आई कापडाच्या कारखान्यात. शहरावर तोफगोळे पडायचे, सायरन वाजला की तळघरात पळायचं, आणि सायरन थांबला की हॉटेलच्या पार्किंगमध्ये बॉल घेऊन परत खेळायचं. तिथेच तो फुटबॉल शिकला. पार्किंगमध्ये बॉल कसाही उसळते, गाड्या मधे असतात, जागा नसते, त्यामुळे पहिला टच पायाशी चिकटलेला पाहिजेच.

झादारच्या क्लबात तोमिस्लाव बाशिच म्हणून युवा विभागाचे प्रमुख होते, त्यांनी याला ओळखलं आणि शेवटपर्यंत धरून ठेवलं. मॉड्रिच त्यांना आपला खेळातला बापच मानत आला. हायदुक स्प्लिट म्हणजे त्या भागातला सगळ्यात मोठा क्लब, झादारच्या प्रत्येक पोराचं स्वप्न. तिथे ट्रायलला गेला आणि त्यांनी परत पाठवलं. कारण तेच जे तुमच्या पोराला सांगितलं, लहान आहे, नाजूक आहे. म्हणजे तुमच्या पोरानं जे ऐकलंय ते अगदी शंभर टक्के बरोबर ऐकलंय.

मग सोळाव्या वर्षी झाग्रेबच्या दिनामोनं घेतलं, पण लगेच टीममध्ये नाही घातलं. २००३ मध्ये बोस्नियात मोस्तारच्या झ्रिंस्कीकडे लोनवर, म्हणजे थोड्या काळासाठी उसना, पाठवला. आता विचार करा, अठरा वर्षांचा, वजन जेमतेम, आणि बोस्नियाची ती लीग म्हणजे खराब मैदानं आणि मागून येऊन पाय मोडणारे डिफेंडर. त्या हंगामात तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पुढे तो स्वतः म्हणाला की जो बोस्नियाच्या लीगमध्ये खेळू शकतो तो जगात कुठेही खेळू शकतो. पुढच्या वर्षी इंटर झाप्रेशिच या छोट्या क्लबाकडे लोनवर, तिथे त्यांना लीगमध्ये वर नेऊन ठेवलं, मग कुठे दिनामोनं परत बोलावलं आणि दहा वर्षांचा करार केला. त्या पैशातून पहिली गोष्ट काय केली माहिती आहे का दादा? झादारमध्ये आईवडिलांसाठी फ्लॅट घेतला. इतक्या वर्षांनी हक्काचं घर.

दिनामोसाठी तीन लीग जिंकल्या. १ मार्च २००६ ला बासेलमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध क्रोएशियाकडून पहिली मॅच खेळला, क्रोएशिया ३-२ जिंकलं, आणि त्याच मॅचमध्ये मेस्सीनं अर्जेंटिनासाठी आपला पहिला गोल केला होता. दोघं एकाच मैदानात, तेव्हा जगाला दोघांतला एकच दिसला.

माद्रिदचं मी सविस्तर नंतर लिहितो, आता ऑफिसला निघून राहिलो. मॅच विचारली तर माझं उत्तर ठरलेलं आहे, १२ एप्रिल २०२२, रियल विरुद्ध चेल्सी, रियलच्या बर्नाबेऊ स्टेडियमवरची.

उत्तर_लंडनचा_पाटील:

दादा नमस्कार, मी मूळचा सांगलीचा, २००७ पासून इथं नॉर्थ लंडनमध्ये आहे आणि मॉड्रिच इथल्या टॉटनहॅम क्लबाला आला तेव्हापासून गेला तोपर्यंत मी त्याला त्यांच्या व्हाईट हार्ट लेन मैदानावर बऱ्याचदा प्रत्यक्ष बघितलंय, त्यामुळे या चार वर्षांचं मला सांगू द्या कारण सगळे थेट रियलवर उडी मारतात आणि मधलं हेच विसरतात.

२००८ मध्ये साडेसोळा मिलियन पाउंडला घेतला, क्लबसाठी तेव्हा मोठी रक्कम. आणि हंगामाची सुरुवात एवढी वाईट झाली की पहिल्या आठ मॅचमध्ये दोन पॉईंट, टीम तळाला. इथल्या टीव्हीवर आणि पेपरात रोज तेच, की हा पोरगा इंग्लंडसाठी हलका आहे, इथं त्याला लोक उचलून फेकतील. माझ्या शेजारच्या सीटवरचे म्हातारे गृहस्थ, चाळीस वर्षांपासूनचे स्पर्सचे म्हणजे टॉटनहॅमचे चाहते, ते पण मान हलवायचे. कोच हुआंदे रामोस गेले, हॅरी रेडनॅप आले, आणि हळूहळू त्याला त्याच्या जागेवर, म्हणजे मधे, बॉल मिळायला लागला. डावीकडे पण बराच काळ खेळवला म्हणा, पण तिथूनही तो आत सरकून मधेच यायचा. २००९ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमविरुद्ध पायाचं हाड मोडलं, काही महिने बाहेर. परत आला आणि त्याच हंगामात टीम चौथी आली आणि पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, गेली. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेत आम्ही एसी मिलानला बाहेर काढलं. तोच माणूस २०२५ मध्ये चाळिशीला त्याच मिलानची जर्सी घालायला गेला, हे मला अजून खरं वाटत नाही.

आता तुमच्या पोरासाठी महत्त्वाचं. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागं असतो म्हणून हे दिसत नाही, स्टेडियममध्ये दिसतं. बॉल त्याच्याकडं नसताना बघायचं. बॉल अजून डिफेंडरच्या पायात आहे, मॉड्रिच पंधरा यार्डांवर उभा, आणि त्याचं डोकं सारखं फिरतंय, डाव्या खांद्यावरून मागं, मग उजव्या खांद्यावरून मागं, परत बॉलकडं, परत मागं. मी एकदा मुद्दाम त्याच्यावरच नजर ठेवून बसलो होतो, बॉल त्याच्याकडं निघण्याच्या आधी त्यानं तीनदा मागं बघून घेतलं. मग बॉल येतो तेव्हा अंग आधीच अर्धं वळलेलं, लांबच्या पायावर, म्हणजे येणाऱ्या बॉलपासून जो पाय लांब असतो त्यावर, घेतो आणि पुढं तोंड. अंगावर धावून येणारा आडदांड माणूस पोचतो तेव्हा बॉल तिथं नसतोच. तो धक्का खाऊन उभा राहत नव्हता दादा, धक्का बसेल अशा जागी तो सापडतच नव्हता. ट्रायलवाल्यांनी तुम्हाला सांगितलं की धक्का खाणारा पाहिजे, तर मला असं वाटतं की त्यांनी प्रश्नच चुकीचा विचारला.

२०११ मध्ये चेल्सीला तो हवा होता, आमच्या क्लबनं सोडला नाही, त्याला जायचं होतं, तो उन्हाळा फार कडवट गेला. २०१२ च्या ऑगस्टच्या शेवटी रियलला गेला. मला राग आला नाही खरं सांगू तर. चार वर्षांत त्यानं जे दाखवलं ते पुरेसं होतं.

ऑरेंजसिटी_माद्रिदवाला:

पाटील साहेब एकदम बरोबर, डोकं फिरवण्याचं मी लिहिणारच होतो.

माद्रिदचं सांगतो. ऑगस्टच्या शेवटी आला म्हणजे तयारीचा सगळा महिना हुकला होता. कोच मोरिन्होच्या टीममध्ये जागा पक्की नव्हती, कधी या जागी कधी त्या जागी, बरेचदा बाकावर. २०१२ च्या शेवटी मार्का पेपरच्या वाचकांनी मत देऊन त्याला त्या हंगामातली स्पेनमधली सगळ्यात वाईट खरेदी ठरवलं. हे पोराला नक्की सांगा. सत्तावीस वर्षांचा झाला होता तेव्हा, आणि तरी लोक म्हणत होते की नाही जमत याला.

मग मार्च २०१३, ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर युनायटेड एक गोलनं पुढे, त्यांच्या नानीला रेड कार्ड, मॉड्रिच बाकावरून आत आला आणि लांबून असा मारला की बॉल पोस्टला लागून आत. तिथून रियल ती मॅच जिंकलं. २०१४ च्या लिस्बनच्या फायनलमध्ये अॅटलेटिको १-० नं जिंकतच होतं, ९३ वं मिनिट, सर्जियो रामोसनं हेडर मारला तो सगळ्यांना आठवते, तो कॉर्नर कुणी मारला? मॉड्रिचनं. मग कासेमिरो, क्रूस आणि हा, या तिघांच्या मिडफिल्डनं २०१६, २०१७, २०१८ लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग घेतल्या. पुढे २०२२ आणि २०२४. एकूण सहा. २०२५ मध्ये क्लब सोडला तेव्हा रियलसाठी २८ ट्रॉफ्या, क्लबच्या इतिहासात इतक्या कुणाच्याच नाहीत.

चेल्सीची मॅच का सांगतो ते ऐका. दोन मॅचचे गोल मिळून निकाल लागणार होता, पहिली लेग म्हणजे पहिली मॅच रियल ३-१ जिंकलं होतं, पण माद्रिदमध्ये चेल्सीनं तीन गोल घालून पारडं उलटं केलं. ८० वं मिनिट. मॉड्रिच छत्तीस वर्षांचा. डावीकडे बॉल मिळाला, समोर बॉक्समध्ये गर्दी, आणि त्यानं उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं, करंगळीच्या बाजूनं, बॉल असा उचलून वळवला की तो सगळ्या डिफेंडरांच्या वरून जाऊन बरोबर रॉड्रिगोच्या पायावर उतरला, आणि रॉड्रिगोनं खाली पडू न देता तो थेट आत घातला. डाव्या पायानं मारायला वेळच नव्हता म्हणून बाहेरची कड. एक्स्ट्रा टाइममध्ये बेंझेमानं काम पूर्ण केलं. त्या पासात ताकद किती होती सांगा? अडतीस किलोचा पोरगा पण तेवढा जोर लावू शकते. लागते ती नजर.

कोचताई_पुणे:

मंगळवारपेठकर दादा, मी शाळेच्या मुलांना बारा वर्षं फुटबॉल शिकवतेय. वरच्या दोघांनी जे लिहिलंय ते मला मनापासून आवडलं पण थोडं वेगळं बोलते, रागावू नका.

मॉड्रिचची गोष्ट मुलाला जरूर सांगा, पण तू मॉड्रिच होशील असं सांगू नका. शेकडो बारीक मुलं नाकारली जातात आणि त्यातली बहुतेक वर पोचत नाहीत, त्यांच्यावर कुणी लिहीत नाही म्हणून आपल्याला ती माहीत नसतात. त्याऐवजी त्याला त्याच्या वयाबद्दलची खरी माहिती द्या, त्यानं जास्त धीर येतो असा माझा अनुभव आहे.

चौदाव्या वर्षी मुलांची वाढ एकसारखी झालेलीच नसते. बहुतेक मुलांची उंची तेरा-चौदाच्या सुमाराला झपाट्यानं वाढते, काहींची बाराव्या वर्षीच वाढून मिशी फुटलेली असते आणि काहींची पंधरा-सोळाला सुरू होते. एकाच ट्रायलमध्ये ही तिन्ही उभी असतात आणि निवडणाऱ्याला वाटतं की मोठा दिसणारा चांगला खेळतो. वर आणखी जन्मतारखेचा प्रकार आहे. वयोगटाची कट-ऑफ साधारण १ जानेवारी असते, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, मधे जवळजवळ वर्षाचं अंतर. जगभरच्या अकॅडम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर जास्त निवडली जातात, हे अभ्यासातून वारंवार दिसलेलं आहे. मॉड्रिच सप्टेंबरचा, वरती तारीख दिलीच आहे. तुमचा मुलगा कोणत्या महिन्यातला? इंग्लंडमधल्या अकॅडम्या आता कधी कधी मुलांना वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार गटात खेळवतात, म्हणजे लहान चणीच्या मुलाला खेळ दाखवायची संधी मिळते. आपल्याकडे हे फारसं कुणी करत नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण डोक्यानं खेळणारी पोरं आपण याच वयात गमावतो.

तुम्ही आणि त्याच्या आईची उंची किती आहे ते बघा, अंदाज येईल. दर महिन्याला दाराच्या चौकटीला उभं करून मोजत बसू नका, मुलांना ते फार लागतं. उंची वाढायला लागली की टाचेत नाहीतर गुडघ्याच्या खाली दुखायला लागेल, तेव्हा आठ-पंधरा दिवस पळणं कमी करायचं, दुखणं दाबून खेळवायचं नाही. वजनं उचलायला पाठवण्याची घाई नको, अंगाच्या वजनाचे व्यायाम पुरे.

आणि रोज करायचं एक सांगते. तो बॉल घ्यायला उभा, समोरून कुणीतरी पास देणार, त्याच्या मागं तिसरा माणूस उभा. पास यायच्या आधी मागच्यानं हाताची बोटं वर करायची, एक ते पाच. मुलानं मान वळवून बघायचं, आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि मग बॉल लांबच्या पायावर घेऊन वळायचं. पाटील दादांनी जे स्टेडियममध्ये बघितलं ना, ते असं शिकवता येतं. पैसे लागत नाहीत, गल्ली पुरते.

पेडण्याचो_मिडफिल्डर:

मी गोव्याचा, पेडण्याचा, कॉलेजपर्यंत मधेच खेळलो, आता भावाच्या पोरांना घेऊन मैदानावर जातो. आमच्याकडे पण हेच. लेनी रॉड्रिग्स किंवा ब्रँडन फर्नांडिस बघा, पैलवान नव्हेत ते, पण देशाकडून मधे खेळले. आणि एक धागा सांगतो जो बऱ्याच जणांच्या लक्षात नसतो, २०१९ ते २०२४ आपल्या भारताचे कोच होते ते इगोर स्टिमाच, ते २०१२-१३ ला क्रोएशियाचे कोच होते. म्हणजे मॉड्रिचच्या कोचनंच आपल्या पोरांना शिकवलेलं आहे.

माद्रिदवाले भाऊ, चेल्सीची मॅच सुंदर आहे पण त्या पोराला ती पहिली दाखवू नका असं माझं मत. तो पास बघून तो उद्यापासून नुसता बाहेरच्या कडेनं मारत बसेल. त्याला २०१८ चा वर्ल्डकप दाखवा, आणि त्यातली डेन्मार्कची मॅच दाखवा.

का ते सांगतो. २००८ च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, तुर्कस्तानविरुद्ध क्वार्टर फायनल पेनल्टीवर गेली होती, क्रोएशियाची पहिली पेनल्टी मॉड्रिचनं मारली आणि बाहेर घातली. बावीस वर्षांचा होता. हरले. आता दहा वर्षांनी, १ जुलै २०१८, डेन्मार्कविरुद्ध बरोबरी, एक्स्ट्रा टाइमची चार मिनिटं उरलेली, मॉड्रिचनंच रेबिचला असा थ्रू पास दिला की डिफेंडरला त्याला पाडण्याशिवाय इलाज राहिला नाही, पेनल्टी. मारली मॉड्रिचनं, आणि कास्पर श्माइकेलनं अडवली. म्हणजे चाळीस लाख वस्तीचा देश बघतोय आणि कॅप्टननं मॅच हातातून घालवली. मग शूटआऊट. कुणीही म्हणालं असतं की आता दुसरा कुणी मारू दे. तो परत गेला, त्याच गोलकीपरसमोर, आणि घातली. माझ्या अंगावर लिहिताना पण काटा आला. पुढे रशियाशी परत पेनल्टी, इंग्लंडशी परत एक्स्ट्रा टाइम, ओळीनं तीन मॅच १२० मिनिटं, आणि बत्तीस वर्षांचा हा माणूस धावतोच आहे. फायनलला फ्रान्सकडून ४-२ हरले. गोल्डन बॉल म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस त्याला मिळालं, ते घेताना त्याचा चेहरा बघा, हातात बक्षीस आहे आणि डोळ्यात काहीच नाही.

खेळाच्या दृष्टीनं म्हणाल तर अर्जेंटिनाची मॅच, ३-०. तिथं दालिच कोचनं ब्रोझोविचला मागं बसवला आणि मॉड्रिचला पुढं मोकळं सोडलं, त्यानं बॉक्सच्या बाहेरून जो गोल मारला तो त्यामुळेच. मिडफिल्डरला शेजारी कोण आहे यावर त्याचा अर्धा खेळ असतो, हे पण पोराला कळू दे. त्याच वर्षी बॅलन डी'ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला, त्याआधीची दहा वर्षं मेस्सी आणि रोनाल्डो सोडून कुणाला मिळाला नव्हता.

उत्तर_लंडनचा_पाटील:

इंग्लंडच्या त्या सेमीफायनलला मी इथं होतो. आठवडाभर पेपरात आणि टीव्हीवर एकच, की क्रोएशिया दमलेत, यांचे पाय संपलेत. मॅच संपल्यावर मॉड्रिचनं तेच बोलून दाखवलं, की तुमचे पत्रकार आणि पंडित आम्हाला कमी लेखत होते, ते सगळं आम्ही वाचत होतो आणि म्हणत होतो की बघू आज कोण दमतंय ते. आवाज अजिबात चढवला नाही.

कोचताईंचं म्हणणं पटलं. एक भर घालतो, त्याचं करिअर एवढं लांबलं त्याचं कारण पण हेच असावं असं मला वाटतं. वेगावर आणि ताकदीवर खेळणारा बत्तिशीनंतर उतरायला लागतो. २०२४ च्या युरोत इटलीविरुद्ध त्याची पेनल्टी त्यांचा गोलकीपर डोन्नारुम्मानं अडवली आणि मिनिटभराच्या आत यानं गोल घातला, अडतीस वर्षांचा होता, युरोच्या इतिहासात गोल करणारा सगळ्यात वयस्कर खेळाडू.

मंगळवारपेठकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. कोचताई, पोरगा नोव्हेंबरचा आहे. तुमचं वाचलं आणि मी बराच वेळ गप्प बसलो, कारण चौकटीला उभं करून मोजायचं काम मीच करत होतो. खुणा पुसून टाकल्या. मी पाच फूट सात आहे, त्याची आई पाच तीन.

गेले दोन रविवार आम्ही दोघं बसून मॅच बघितल्या. आधी डेन्मार्कची लावली. ती पेनल्टी अडवल्यावर पोरगं उठून आत गेलं, मला वाटलं आता काय येत नाही, पण शूटआऊट सुरू झालं तसं दारात उभं राहून बघत होतं. दुसऱ्यांदा घातल्यावर काही बोललं नाही, नुसतं माझ्या शेजारी येऊन बसलं. चेल्सीची पण बघितली माद्रिदवाले भाऊ, तो पास किती वेळा मागं घेऊन बघितला त्याला गणती नाही, आणि पेडण्याचे भाऊ म्हणाले तसंच झालं, दुसऱ्या दिवशी गल्लीत बाहेरच्या कडेनं मारून शेजारच्यांची तुळशीची कुंडी फोडली. नवीन आणून दिली.

सगळ्यात जास्त त्याला काय लागलं असेल तर बोस्नियाचं. मला विचारत होता की पप्पा, तो लोनवर गेला तेव्हा त्याला राग आला नसेल का. मी म्हटलं आला असणार, पण खेळला. पुढच्या ट्रायलचं अजून आम्ही बोललो नाही, यंदा शाळेच्या टीममधनंच खेळू दे म्हटलं.

ताई, बोटांचा खेळ रोज संध्याकाळी चालू आहे. मी पास देतो आणि त्याची मोठी बहीण मागं उभी राहते. परवा वीसपैकी नऊ वेळाच आकडा बरोबर आला, काल चौदा वेळा आला. एक विचारायचं होतं, मागच्यानं किती अंतरावर उभं राहायचं?

कोचताई_पुणे:

पाच-सहा मीटर. आणि बहिणीला सांगा की रोज त्याच जागी उभी राहू नकोस, कधी डाव्या खांद्यामागं, कधी उजव्या, आणि पास तुमच्या पायातून सुटायच्या आधी बोटं वर करायची, सुटल्यावर नाही.